तीन चाकांचे ‘अ‍ॅव्हरेज’ : आकड्यासोबत मोजणीही छापा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

वाहनांविषयीच्या मजकुरात तीनचाकी मोटरसायकली आता वरचेवर दिसतात. पुढे दोन चाके असलेली कॅन-अ‍ॅम स्पायडर, वळताना झुकणाऱ्या पियाजिओ एमपी३ आणि यामाहा नायकेन, मागे दोन चाके असलेली हार्ली-डेव्हिडसन ट्राय ग्लाइड, साइडकार जोडलेली उरल. लेख कोणत्याही गाडीवर असो, शेवटी एक आकडा हमखास टाकलेला असतो : ‘अ‍ॅव्हरेज इतके’. तो किती टाक्यांवर, कोणत्या वेगात आणि कसा काढला याचा पत्ता नसतो. मग त्याच गाडीचा दुसरा आकडा कुणीतरी पुढे करतो आणि वाद जुंपतो. बहुतेक वेळा दोघेही खरे बोलत असतात, मोजणी मात्र दोघांचीही कच्ची असते. त्यात तीन चाकांमुळे काही खाचाखोचा अशा येतात, ज्या दुचाकीवाल्याला कधी सोडवाव्याच लागत नाहीत. त्यांसाठी हे पत्र.

सुरुवात पंपावरच होते. टाकी फुल करायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, गाडी चालवायची, पुन्हा फुल करायची आणि पडलेल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरने भागायचे, ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. प्रश्न ‘फुल’ या शब्दाचा आहे. नोझलच्या टोकाजवळ एक बारीक भोक असते. पेट्रोल तिथवर चढले की भोक बुजते, आतला दाब बदलतो आणि खटका पडतो. पण फेस आला तरी खटका पडतो. नोझल दोन बोटे खोल गेले तरी पातळी बदलते. शिवाय गाडी कशी उभी आहे, हे तर सर्वात महत्त्वाचे.

दुचाकी जमिनीच्या आडव्या उतारावरही हाताने सरळ धरता येते. न झुकणाऱ्या तीनचाकीचे तसे नाही. स्पायडर किंवा ट्राय ग्लाइड जमीन जशी असेल तशी कलते, आणि पाणी वाहून जावे म्हणून पंपाच्या फरशीला उतार दिलेलाच असतो. हिशेब करून पाहा. टाकीच्या वरच्या भागात पेट्रोलचा पृष्ठभाग ३० बाय २० सेंटीमीटर धरला तर तो ६०० चौरस सेंटीमीटर होतो. टाकीचे तोंड मध्यापासून १० सेंटीमीटर बाजूला असेल आणि गाडी त्या बाजूला जेमतेम २ अंश कलली, तर तोंडाशी पातळी साडेतीन मिलिमीटरने बदलते. म्हणजे २०० मिलीलिटरहून थोडे जास्त पेट्रोल कमी किंवा अधिक बसते. २ अंश डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. म्हणून पंप तोच, मशीन तेच, गाडीचे तोंड त्याच दिशेला आणि चाके शक्य तितकी त्याच जागी ठेवावीत. एमपी३ सारख्या, कल लॉक करता येणाऱ्या झुकत्या गाडीत अजून एक मेख आहे : लॉक करण्याआधी गाडी नीट उभी करून घ्या. तिरकी असताना लॉक लागला तर ती तशीच तिरकी राहते आणि टाकीही तिच्यासोबत.

पहिला खटका पडला की थांबायचे. नंतर थेंब थेंब टाकून तोंडापर्यंत भरण्याची अनेकांना हौस असते, आणि ‘अचूक मोजणी’ म्हणून तिचे कौतुकही होते. ती सोडावी. पेट्रोल दर अंशाला साधारण एक हजारांशाने प्रसरण पावते. जमिनीखालच्या गार टाकीतून आलेले १५ लिटर उन्हात १५ अंशांनी तापले तर सव्वादोनशे मिलीलिटरच्या आसपास फुगते. त्याला जागा नसेल तर ते बाहेर येते किंवा वाफा शोषणाऱ्या कॅनिस्टरमध्ये शिरते. कॅनिस्टर एकदा पेट्रोलने भिजला की टाकी फुल केल्यावर इंजिन अडखळू लागते, आणि मग मायलेज बाजूलाच राहते.

इतके करूनही प्रत्येक भरण्यात २०० मिलीलिटर इकडे-तिकडे होणारच, असे धरून चालावे. उपाय सोपा आहे, पण तो करायला वहीत सलग नोंद ठेवावी लागते. समजा, चार टाक्या अशा झाल्या : २१२ किलोमीटर १३.१ लिटर, २३६ किलोमीटर १५.६ लिटर, १९८ किलोमीटर ११.९ लिटर, २२४ किलोमीटर १४.६ लिटर. वेगवेगळे भागले तर १६.२, १५.१, १६.६ आणि १५.३ येतात. इथेच लोक फसतात. पहिल्या वेळी गाडी ‘मोकळी’ पळाली आणि दुसऱ्या वेळी पेट्रोल भेसळीचे होते, असले निष्कर्ष याच चार आकड्यांवर उभे राहतात. प्रत्यक्षात पहिल्या वेळी खटका लवकर पडला असेल आणि जे पेट्रोल तेव्हा बसले नाही ते दुसऱ्या भरण्यात बसले असेल, इतके साधे कारण पुरते. आता बेरीज करा. ८७० किलोमीटर भागिले ५५.२ लिटर, म्हणजे १५.८. मधल्या सगळ्या भरण्यांच्या चुका एकमेकींत जिरून जातात. उरते फक्त पहिल्या आणि शेवटच्या ‘फुल’ची चूक. दोन्हीकडची मिळून वाईटात वाईट ४०० मिलीलिटर धरली तरी एका टाकीवर ती ३ टक्के होते आणि चार टाक्यांवर पाऊण टक्क्याच्या आत येते. मध्ये कुठे पाच लिटर टाकून पुढे गेलात तरी बिघडत नाही, ते लिटर वहीत आले पाहिजेत. दोन टोके तेवढी फुल हवीत.

पंपाच्या मशीनला लोक उगाच जास्त दोष देतात. इंधन मोजणाऱ्या मशीनसाठी ओआयएमएल या वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आर ११७ या आंतरराष्ट्रीय शिफारशीत अर्ध्या टक्क्याची मर्यादा आहे. मशीन त्या मर्यादेत असेल तर तुमची तिरकी टाकी त्याहून मोठी चूक करते.

लिटरचे झाले. किलोमीटरवर मात्र कुणी संशय घेत नाही, आणि तीनचाकीत खरा घोळ तिथेच आहे. ओडोमीटर चाकाचे फेरे मोजतो, अंतर नव्हे. फेऱ्याला किती अंतर धरायचे ते कारखान्यात ठरलेले असते. स्पायडरच्या मागच्या २२५/५० आर १५ टायरची त्रिज्या कागदावर सुमारे ३०३ मिलिमीटर भरते. नक्षी ८ मिलिमीटरवरून झिजून २ वर आली की त्रिज्या ६ मिलिमीटरने, म्हणजे २ टक्के घटते. मागच्या चाकावरून मोजणी होत असेल तर तेवढ्याच रस्त्याला फेरे जास्त होतात आणि जुन्या टायरवर ‘अ‍ॅव्हरेज’ २ टक्के वाढल्यासारखे दिसते. आता त्याच जागी कुणी २०५/६० आर १५ मापाचा मोटारीचा टायर बसवला, आणि असे करणारे बरेच आहेत, तर त्रिज्या ३१३ च्या पुढे जाते. साडेतीन टक्के मोठे चाक. मीटर तेवढे अंतर कमी दाखवतो. मालक हळहळतो की टायरने मायलेज खाल्ले. टायरने काहीच खाल्लेले नसेल, फक्त मीटर कमी मोजतो आहे. (या गाड्यांतली स्थिरता-नियंत्रण यंत्रणा चाकांच्या वेगांची एकमेकांशी तुलना करत असते. माप बदलताना मायलेजआधी तिचा विचार करावा, पण तो विषय वेगळा.)

दुचाकीला मागचा आस, डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) आणि दोन चाके बसवून ट्राइक बनवतात, तिथे तर विचारूच नका. मीटरचा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल आणि शेवटचे गिअर-प्रमाण किंवा चाकाचे माप बदलले असेल, तर मीटरचे माप सुधारणारे यंत्र लावेपर्यंत त्या मीटरवरच्या कोणत्याच आकड्यावर विश्वास ठेवू नये. वळणावर बाहेरचे चाक जास्त फिरते त्याचे काय, असेही विचारले जाते. दोन चाकांत १.३ मीटर अंतर असेल तर पूर्ण गोल फेरीत बाहेरचे चाक सुमारे ८.२ मीटर जास्त धावते. पण रस्ता उजवीकडेही वळतो आणि डावीकडेही. त्याची चिंता नको.

मीटर तपासायला सरळ, सलग रस्त्यावर किलोमीटरचे दगड धरून ५० किलोमीटर जावे आणि मीटर किती दाखवतो ते पाहावे. जीपीएसही चालतो, मात्र घाटात आणि बोगद्यात नाही. तो ठिपके जोडत जातो आणि वळणे कापतो. ५० ला मीटरने ५२ दाखवले, तर पुढच्या प्रत्येक अंतराला ५० ने गुणून ५२ ने भागायचे. वरचे ८७० मग ८३७ होतात आणि १५.८ चे १५.२. टायर बदलला की हा गुणक पुन्हा काढायचा. स्पीडोमीटर जास्त दाखवतो म्हणून ओडोमीटरही तेवढाच जास्त दाखवत असेल, असे मात्र गृहीत धरू नये. स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये असा नियमच आहे, म्हणून तो मुद्दाम पुढे ठेवलेला असतो. ओडोमीटरला ते बंधन नाही.

डॅशबोर्डवर आपोआप येणारा आकडा इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला आणि चाक किती फिरले यांवरून काढलेला असतो. म्हणजे ओडोमीटरची चूक त्यात आधीच मुरलेली असते. वहीतल्या चार टाक्यांशी ताडून त्याचाही गुणक काढून ठेवला तर तो उपयोगी पडतो. नाहीतर करमणूक.

आता तुलना. तिथे पहिली अडचण एककांची. इंग्रजी मजकुरातले ‘३५ माइल्स पर गॅलन’ अमेरिकन गॅलनचे असतील तर लिटरला १४.९ किलोमीटर होतात, ब्रिटिश गॅलनचे असतील तर १२.४. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश ४.५४६ लिटरचा. गाडी तीच, पण गॅलन कुठला हे न पाहता भाषांतर केले की मोठा फरक पडतो. दुसरी अडचण ‘अ‍ॅव्हरेज’ या शब्दातच आहे : अ‍ॅव्हरेजांचे अ‍ॅव्हरेज काढता येत नाही. १०० किलोमीटर लिटरला १० ने आणि १०० किलोमीटर २० ने गेलात तर सरासरी १५ नाही. २०० किलोमीटरला १५ लिटर लागले, म्हणजे १३.३. म्हणून तुलनेसाठी ‘१०० किलोमीटरला किती लिटर’ हे माप मला जास्त प्रामाणिक वाटते. लिटरला १० देणारी जड ट्राइक १२ वर आली तर हजार किलोमीटरला जवळपास १७ लिटर वाचतात. २० देणारी झुकती स्कूटर २५ वर आली तर १०. ऐकायला दुसरी सुधारणा मोठी वाटते.

नाव एक म्हणून गाडी एक, असेही समजू नये. स्पायडर आरटी २०१४ पासून १३३० सीसीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनावर आली, त्याआधी तिच्यात ९९८ सीसीचे व्ही-ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरचे इंजिन होते. कॅन-अ‍ॅमच्याच रायकरमध्ये ६०० आणि ९०० सीसी अशी दोन इंजिने आहेत. नुसते ‘स्पायडरचे अ‍ॅव्हरेज’ किंवा ‘रायकरचे अ‍ॅव्हरेज’ छापून वाचकाच्या हाती काही लागत नाही.

वेग हा सगळ्यात मोठा घटक. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ९० वरून ११० वर गेलात की तो दीडपट होतो, आणि पुढे दोन चाके, फेंडर, रुंद काच असलेल्या गाडीत एकूण अडथळ्यातला मोठा वाटा हवेचाच. दुचाकीवर १० किलोमीटरने वेग वाढवला तर जे सहज खपून जाते, ते ट्राइकवर टाकीत लगेच दिसते. जाऊन-येऊन मोजले म्हणजे वारा फिटला, हेही पूर्ण खरे नाही. १०० च्या वेगात समोरून २० चा वारा असेल तर अडथळा १.४४ पट, पाठीमागून असेल तर ०.६४ पट. सरासरी १.०४. वाऱ्याच्या दिवशी आकडा पडतोच. आडवा वारा असेल तर अजून. हवा २० अंशांनी गार असेल तर ती सहा-सात टक्के दाट असते, त्यामुळे थंडीतल्या आकड्याची उन्हाळ्यातल्याशी तुलना करून नव्या काचेचे किंवा नव्या ऑइलचे गुणगान करू नये.

चढही असाच फसवतो. गाडी आणि माणूस मिळून ५५० किलो धरले तर ५०० मीटर वर चढायलाच, इंजिनाची कार्यक्षमता पाव धरून, सुमारे एक तृतीयांश लिटर जास्त लागते. उतरताना ते सगळे परत मिळत नाही, काही ब्रेकमध्ये जाते. फेरी जिथे सुरू झाली तिथेच संपली पाहिजे.

पेट्रोलमधल्या इथेनॉलची नोंदही वहीत हवी. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा असते. १० टक्के मिश्रणाला ३ टक्के आणि २० टक्के मिश्रणाला ६ ते ७ टक्के घट कागदावरच ठरलेली आहे. गाडीत बिघाड शोधण्याआधी हे तपासावे. उलट जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये ऊर्जा जास्त असते हा समज चुकीचा. इंजिनाला ते लागत नसेल तर मायलेज तिथेच राहते.

सगळे नीट मोजूनही आकडा खाली येत असेल, तर गाडीकडे वळावे. दुचाकीपेक्षा इथे बिघडायला एक चाक जास्त आहे. आधी हवा. स्पायडरच्या पुढच्या टायरांना १५ पीएसआयच्या आसपास हवा लागते, मागच्याला २८ च्या. सवयीने पुढेही ३० मारली की गाडी रस्त्यावर नाचते. मायलेजमध्ये कणभर वाढ दिसेलही, पण ती तुलना खोटी. १५ वर १ पीएसआयचा फरकही मोठा, आणि तापमान १० अंशांनी उतरले तरी तेवढा फरक पडतो. १०० पर्यंत आकडे असलेल्या गेजवर १५ नीट वाचताच येत नाहीत. कमी दाबाचा वेगळा गेज घ्यावा आणि टायर थंड असताना तपासावे.

मग पुढच्या चाकांचे अलाइनमेंट. दोन चाके एकमेकांशी जराशी फाकलेली किंवा आत वळलेली असतील तर दोन्ही टायर रस्त्यावर तिरके घासत धावतात आणि इंजिन ती घासाघीस भरून काढते. हे हाताला कळते. टायरच्या नक्षीवरून तळवा आडवा आतून बाहेर न्या, मग बाहेरून आत आणा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखे लागले तर अलाइनमेंट बिघडलेले आहे. खात्रीसाठी दोन्ही टायरांच्या मध्यावर खडूने खूण करा, आसाच्या उंचीवर पुढून अंतर मोजा, गाडी अर्धा फेरा ढकला आणि त्याच खुणांमधले अंतर मागून मोजा. बॉडी आड येत असेल तर लेझरवर तपासून घेणे बरे. साइडकारवाल्यांनी घाबरू नये, त्यांच्या तिसऱ्या चाकाला थोडा टो-इन, म्हणजे पुढून किंचित आत वळवणे, मुद्दामच दिलेला असतो. ती घासाघीस त्या जोडणीतच आहे.

ब्रेक तिन्ही चाकांचे पाहायचे. स्पायडरमध्ये एकाच पायाने तिन्ही ब्रेक लागतात, तेव्हा पेडलवर बूट टेकवून ठेवण्याची सवय तिप्पट महाग पडते. ब्रेक फारसे न वापरता दहा किलोमीटर जा, गाडी हळूहळू थांबू द्या आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने तिन्ही डिस्क पाहा. हात लावू नका, भाजेल. एक डिस्क बाकीच्यांपेक्षा ठळकपणे तापलेली असेल तर त्या कॅलिपरचा (डिस्क आवळणाऱ्या भागाचा) पिस्टन किंवा सरकणारी पिन चिकटली आहे. मागची तापली असेल तर पार्किंग ब्रेक पूर्ण सुटतो का ते आधी पाहा. सीव्हीटीच्या, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणाऱ्या गाड्यांत (एमपी३, यामाहा ट्रायसिटी, रायकर) पट्टा नवा असताना ठरावीक वेगाला किती आरपीएम येतात ते लिहून ठेवावे. पट्टा झिजून अरुंद झाला की पुढच्या पुलीत खाली बसतो आणि त्याच वेगाला आरपीएम वाढतात. मायलेज पडल्याचे कारण अनेकदा तिथे सापडते.

दोन गाड्यांची तुलना करायची तर त्या एकाच दिवशी, एकाच रस्त्याने, एकाच पंपावर पाठोपाठ भरून चालवाव्यात. मागच्याने पुढच्याच्या आडोशाला राहू नये, नाहीतर त्याची गाडी फुकटात कमी पिते. निम्म्या अंतरावर चालक बदलावेत. थ्रॉटलवरचा हात गाडीसोबत मोजला जाऊ नये. नवी काच, टायर किंवा ऑइल तपासायचे असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि शेवटी जुनी परत बसवून पुन्हा मोजायचे. जुनी, नवी, जुनी. दोन्ही जुन्या फेऱ्यांत जेवढा फरक पडतो, त्यापेक्षा नवीचा फरक मोठा नसेल तर काहीच सिद्ध झालेले नाही. ही शेवटची फेरी बहुतेक जण टाळतात, कारण पैसे खर्चून बसवलेली वस्तू पुन्हा काढायला जिवावर येते.

कंपनीच्या माहितीपत्रकातल्या आकड्यांना मी खोटे म्हणत नाही. ते प्रयोगशाळेत रोलरवर, ठरलेल्या वेगांच्या चक्रात काढलेले असतात. तिथे वारा, चढ किंवा खोक्यातले सामान नसते. दोन गाड्या एकाच चक्रावर तपासल्या असतील तर त्यांची आपसात तुलना करता येते, रस्त्यावरच्या वहीशी नाही.

आपल्याकडे विनंती एवढीच की, यापुढे अशा गाड्यांचा आकडा छापताना सोबत एक ओळ द्यावी. उदाहरणार्थ : ‘८३७ कि.मी. (मीटर तपासून), ५५.२ लिटर, ४ टाक्या, वेग ८० ते ९०, चालक एकटा, १० टक्के इथेनॉल, १०० कि.मी.ला ६.६ लिटर’. जागा कमी असेल तर शेवटचा आकडा गाळला तरी चालेल, तो वाचक काढून घेईल. किलोमीटर आणि लिटर मात्र गाळू नयेत.

आपला,
एक वाचक